आयटीआयनंतर कंपनीत 'चिकटण्या'आधी हे वाचा (नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या पोरापोरींसाठी)

आयटीआयचा निकाल लागला की मला गावाकडून फोन सुरू होतात. कळवणहून आत्याचा, दिंडोरीहून मेव्हण्याचा, आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "दादा, पोराला चिकटवून द्या ना कुठंतरी कंपनीत." आता चिकटवणं काय अवघड नाहीये. सकाळी गरवारे पॉइंटला नाहीतर पपया नर्सरीला जाऊन दोन-चार लोकांना विचारलंस तर दुपारपर्यंत कोणीतरी ठेकेदार तुला एखाद्या गेटच्या आत नेऊन सोडतो, हेल्पर म्हणून, बूट असले तर असले नाहीतर चपलेवर. अवघड पुढं असतं. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की बाबा तू नक्की कोणाचा कामगार होतास, काय शिकलास आणि त्याचा कागद कुठंय, तर तिन्हीचं उत्तर देता आलं पाहिजे. मी अंबडला बावीस वर्षं काढलीत, त्यातली पहिली सहा नुसती चिकटण्यात गेली, तिन्हीपैकी एकाचंही उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. कारखानदारांत बसलात तर ऐकायला मिळतं की माणूस मिळत नाही, स्किल्ड माणूस तर दिवा घेऊन शोधावा लागतो. आणि उत्तमनगर-पवननगरच्या रूमवर बसलात तर पोरं म्हणतात जॉबच नाहीत. दोघंही खरं बोलतायत. कंपनीला पाहिजे सेटर, म्हणजे मशीनवर टूल लावून माप जुळवणारा, पाहिजे मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन, पाहिजे ड्रॉइंग वाचणारा वेल्डर. दारात उभी असतात ती सर्टिफिकेट असलेली पण लेथवर हात न बसलेली पोरं. मग ही पोरं शिकणार कुठं? तर लाइनवर. पण लाइनवर सहा-सात महिन्यांनी ब्रेक देऊन नवीन बॅच आणायची पद्धत पडलीय, म्हणजे जरा हात बसला की पोरगा बाहेर. शिकवायचं कोणी हाच प्रश्न आहे आणि तो प्रत्येकजण दुसऱ्याच्या गळ्यात टाकतो, कंपनी आयटीआयच्या, आयटीआय कंपनीच्या. तुला यातून वाट काढायचीय म्हणून आपलं आपण बघायचं.

ट्रेड निवडताना

दहावी झाली असेल आणि अजून ॲडमिशन घ्यायचं असेल तर हे वाच, झालं असेल तर खाली जा.

आयटीआयचं ॲडमिशन डीव्हीईटीच्या, म्हणजे राज्याच्या व्यवसाय शिक्षण खात्याच्या, वेबसाइटवरून ऑनलाइन होतं, राउंड असतात, ऑप्शन भरावे लागतात. लोक काय करतात, सायबर कॅफेवाल्याला सांगतात "तूच भर काहीतरी" आणि तो फिटर, इलेक्ट्रिशियन, फिटर, इलेक्ट्रिशियन असं लावून देतो. फिटर वाईट नाही, इलेक्ट्रिशियन तर मुळीच नाही, आपल्याकडं स्विचगिअर आणि पॅनलचं काम भरपूर असल्यामुळं वायरिंग येणाऱ्याला मरण नाही. पण अंबड-सातपूरच्या गल्ल्यांत जी शेकडो छोटी युनिट आहेत ती मोठ्या गाडी कंपन्यांचे पार्ट करणारी, जॉबवर्कवाली आहेत, तिथं सीएनसी आणि व्हीएमसी ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीन असतात, आणि त्या मशीनसाठी टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर ही पोरं पाहिजे असतात, आणि ॲडमिशनच्या रांगेत या ट्रेडकडं कोणी बघतच नाही. माझं वैयक्तिक मत विचारशील तर मशिनिस्ट घे.

आणखी एक हिशोब कोणी सांगत नाही तो सांगतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एक वर्षाचा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढं डिप्लोमाला डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला फॉर्म भरता येतो. आज वाटत नाही शिकावंसं, पण पंचविशीत वाटतं, तेव्हा दार उघडं असलेलं बरं. आणि डिप्लोमा नसेल जमणार तर गोवर्धनचं आपलं मुक्त विद्यापीठ आहेच, १९८९ पासून शिफ्ट करणाऱ्या लोकांना डिग्री देतंय, आमच्या डिपार्टमेंटला दोघं थर्ड शिफ्ट करून बीए झालेत, एकजण आता एचआरला बसतो आणि आम्हालाच लेट मार्क लावतो.

प्रायव्हेट आयटीआय असेल तर फी भरायच्या आधी वर्कशॉप बघायचं. मागं लागायचं, बघूच द्या म्हणायचं. लेथच्या बेडवर बोट फिरव. ऑइल लागलं तर मशीन चालू असतं, धूळ लागली तर ते मशीन इन्स्पेक्शनच्या दिवशीच चालू होतं. यापेक्षा सोपी परीक्षा मला तरी माहीत नाही.

इंटरव्ह्यूला काय होतं खरं

पोरं इंटरव्ह्यूसाठी "टेल मी अबाउट युवरसेल्फ" पाठ करतात. छोट्या युनिटला असलं काही विचारत नाहीत हो. मागच्या वर्षी आमच्या बाजूच्या शेडमध्ये दोन पोरं आलेली, एक फिटर, ७८ टक्के, इस्त्रीचा शर्ट वगैरे. दुसरा पेठकडचा, मार्क बेताचे, एका विषयात एकदा लटकलेला. फोरमनने ड्रॉवरमधून व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, काढला आणि टर्निंग झालेला एक पिन पुढं ठेवला, म्हणाला डाया (व्यास) सांग.

पहिल्यानं लावला, म्हणाला "पंचवीस." फोरमन म्हणे पंचवीस पॉइंट किती. पोरगा गप्प. मग म्हणाला पंचवीस पॉइंट झीरो चार. बरोबर होतं, मेन स्केलवर पंचवीस आणि व्हर्निअरची दुसरी रेघ जुळत होती, एका रेघेला ०.०२, दोन रेघा म्हणजे ०.०४. पोराला वाटलं जमलं.

दुसऱ्यानं पिन हातात घ्यायच्या आधी व्हर्निअरचे जॉ (पीस पकडणारे जबडे) पँटला पुसले, मिटवले, आणि ट्यूबलाइटकडं धरून बघितलं. मग म्हणाला, "सर, याला झीरो एरर आहे, मिटवल्यावर पॉइंट झीरो चार दाखवतोय." मग माप घेतलं, २५.०४ मधून ०.०४ वजा केले, म्हणाला पंचवीस. तो व्हर्निअर कधीतरी पडून जॉ वाकलेला होता आणि फोरमननं मुद्दाम इंटरव्ह्यूसाठी जपून ठेवलेला. कोणाला घेतलं ते सांगायची गरज नाही.

तर तयारी करायची असेल तर ही कर: व्हर्निअर आणि मायक्रोमीटर डोळे झाकून वाचता आला पाहिजे, झीरो आधी बघायचा. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ते, लिहिलेला असतो तो काय म्हणतो ते सांगता आलं पाहिजे. आणि जे येत नाही ते येत नाही म्हण, फोरमन लोकांना थापा एका मिनिटात कळतात. आयटीआयत असताना इन्स्ट्रुमेंट मिळत नसतील तर सरांच्या मागं लाग, एक साधा व्हर्निअर स्वतः विकत घे, मोबाइलच्या कव्हरवर आपण खर्च करतोच की.

ॲप्रेंटिस आणि 'ट्रेनी' यातला फरक

इथं सगळ्यात जास्त पोरं फसतात.

ॲप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार, हा शब्द कायद्याचा आहे, ॲप्रेंटिस ॲक्ट १९६१. ज्या ठिकाणी ३० किंवा जास्त लोक कामाला आहेत त्यांना त्यांच्या संख्येच्या अडीच ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, ती कंपनीची मेहरबानी नाही. तू अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर आधारनं नोंदणी करायची, कंपनीत सिलेक्शन झालं की पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट बनतं, ते तू स्वतः लॉगिन करून मान्य करायचं, त्याला नंबर असतो. स्टायपेंड २०१९ च्या नियमांनी आयटीआय पासवाल्याला किमान ७००० ठरवलं होतं, बऱ्याच मोठ्या कंपन्या त्यापेक्षा जास्त देतात. साधारण एक वर्षानं परीक्षा होते आणि नॅशनल सर्टिफिकेट मिळतं, ते सर्टिफिकेट सरकारी भरतीत आणि मोठ्या कंपन्यांत चालतं. ओझरला एचएएल, म्हणजे विमानाचा सरकारी कारखाना, दरवर्षी ॲप्रेंटिस घेतं, आणि आता तिथं तेजस लढाऊ विमानाची लाइनही सुरू झालीय, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकचं पहिलं तेजस उडालं, तर त्या जाहिरातीवर लक्ष ठेव, तारीख गेल्यावर फोन करू नको मला.

'ट्रेनी' हा शब्द मात्र कोणाचाच नाही. कंपनी ट्रेनी म्हणते, ठेकेदार ट्रेनी म्हणतो, सरकारची पण एक ट्रेनीवाली योजना आहे. ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणवाली, २०२४ ची, बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, डिग्रीला १०,०००, आधी सहा महिने होती मग अकरा केली. घरी बसण्यापेक्षा बरी, पण ती नोकरी नाही आणि ॲप्रेंटिसशिपही नाही, मुदत संपली की संपली. म्हणून गेटवर "ट्रेनी म्हणून घेतो" म्हटलं की एकच प्रश्न विचार, "सर, पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट होणार का?" हो म्हणाले तर ॲप्रेंटिस. इकडंतिकडं बघायला लागले तर तू कामगाराचंच काम ट्रेनीच्या पैशात करणार आहेस, एवढं समजून मग काय ते ठरव.

ॲप्रेंटिसचे तोटे पण सांगतो म्हणजे नंतर शिव्या नको. ॲप्रेंटिस हा कायद्यानं कामगार धरत नाहीत, त्यामुळं पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) नाही, एक वर्ष संपल्यावर कंपनीनं घेतलंच पाहिजे असंही नाही. काम करताना लागलं तर भरपाईची जबाबदारी कंपनीची असते, तेवढं आहे. आणि ठेकेदाराकडं हेल्पर गेलास तर ॲप्रेंटिसच्या दुप्पट हातात मिळतात, हे खरंय, शेजारचा पोरगा बुलेटचा हप्ता भरायला लागतो आणि तू सात-आठ हजारात मेसचे पैसे देत बसतोस, आई पण टोमणा मारते. तरी मी म्हणेन ते एक वर्ष काढ, घरच्यांना पण हे वाचून दाखव. चांगल्या टूलरूमला किंवा मेंटेनन्सला एक वर्ष मिळालं तर पुढच्या दहा वर्षांचा भाव त्यावर ठरतो. पॅकिंग लाइनला बसवलं तर मात्र पहिल्या महिन्यातच आयटीआयच्या सरांना सांग आणि पोर्टलवर तक्रार टाक, ॲप्रेंटिसला त्याच्या ट्रेडचं काम द्यायचं असतं.

पगार किती, म्हणजे नक्की किती

ठेकेदार फोनवर सांगतो, "अठरा हजार दोनशे पगार आहे." तू घरी सांगतोस अठरा. पहिल्या महिन्याला बँकेत येतात चौदा. मग पोरं म्हणतात खाल्ले. खाल्ले असतील पण आधी हिशोब बघ, आकडे मी समजायला धरलेत:

बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,०००, बाकी भत्ते २०००, ग्रॉस, म्हणजे कापायच्या आधीचा पगार, झाला १६,०००. पीएफ १४,००० च्या १२ टक्के म्हणजे १६८०. ईएसआयसी १६,००० च्या पाऊण टक्का म्हणजे १२०. प्रोफेशनल टॅक्स २००. हे २००० गेले, हातात १४,०००. आता कंपनीच्या बाजूनं पीएफचे अजून १६८० आणि ईएसआयसीचे सव्वातीन टक्के म्हणजे ५२० भरायचे असतात, ते मिळवले की १८,२००. ठेकेदारानं तुला तो आकडा सांगितला, त्याला सीटीसी म्हणतात, तुझ्यावरचा एकूण खर्च. म्हणजे यात चोरी नाही, फक्त शब्दांचा खेळ आहे. म्हणून विचारताना "पगार किती" विचारायचंच नाही, "ग्रॉस किती आणि हातात किती" विचारायचं.

चोरी कुठं असते? कंपनीचा १२ टक्के हिस्सा पण तुझ्याच ग्रॉसमधून कापतात ती. दोनदा १६८० दिसले की समज. कधी कधी स्लिपवर सगळं नीट असतं, पूर्ण पगार बँकेत येतो आणि सुपरवायझर दोन-तीन हजार कॅश परत मागतो, "सगळेच देतात" म्हणून. किमान वेतनाच्या खाली पगार दिसू नये म्हणून ही शक्कल. किमान वेतनातला महागाई भत्ता आपल्याकडं जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, तर त्या महिन्यांनंतर तुझी स्लिप हलली का तेवढं बघ. जुनीच रक्कम दोन वर्षं चालू असेल तर काहीतरी गडबड आहे. आणि ओटी (ओव्हरटाइम) डबल रेटनं असतो, सिंगल नाही. बारा तासाची शिफ्ट लावून आठाचा पगार आणि चार तासाचे "दोनशे रुपये वर" हा अंबडच्या काही गल्ल्यांतला स्वतःचाच कायदा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार लेबर कोड लागू झालेत. त्यातलं तुझ्या कामाचं एवढंच लक्षात ठेव: अपॉइंटमेंट लेटर प्रत्येकाला द्यायचं, पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि काम सोडलं किंवा काढलं तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत. फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठराविक मुदतीवर, घेतला असशील तर ग्रॅच्युइटी एक वर्षावर लागू होते, आधीसारखं पाच वर्षं थांबायचं नाही. लेटर मागितलं तर ठेकेदार हसेल. हसू दे. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून माग, मेसेज राहतो.

आणि नोकरी लावायला पैसे मागणारा, मग तो रजिस्ट्रेशनचे मागो, बुटाचे मागो, मेडिकलचे मागो, तो नोकरी लावत नाही, पैसे लावतो. उठून यायचं.

पीएफचा नंबर तुझा, ठेकेदाराचा नाही

माझं ऐक. मी २००३ च्या आसपास लागलो तेव्हा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, नव्हता. सहा वर्षांत तीन ठेकेदार झाले, तिघांचे तीन पीएफ नंबर, एकानं माझ्या नावातच घोळ केला, वडलांचं नाव आडनावाच्या जागी. तो ठेकेदार नंतर धंदा बंद करून गेला. मी त्या पैशासाठी किती चकरा मारल्या ते जाऊ दे, अजून मिळालेले नाहीत, आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे त्याच्याकडची दोन वर्षं माझ्या सर्व्हिसमध्ये धरलीच गेली नाहीत. पेन्शनला दहा वर्षं सर्व्हिस लागते, तेव्हा विशीतली दोन वर्षं पन्नाशीत आठवतात.

तुमचं बरंय, २०१४ पासून यूएएन आलाय, एका माणसाला एकच नंबर आणि तो आयुष्यभराचा. पण नवीन ठेकेदार आला की तो आळसानं नवीन यूएएन काढायला बघतो. पहिल्या दिवशीच जुना नंबर द्यायचा, आधार, पॅन, बँक तिन्ही केवायसी स्वतःच्या मोबाइलवरून करायचं, मोबाइल नंबर स्वतःचाच टाकायचा. मी पोरं बघितलीत ज्यांच्या पीएफला ठेकेदाराच्या क्लार्कचा मोबाइल नंबर आहे, ओटीपी त्याच्याकडं जातो, मग बसा. नाव आधारवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट.

ठेकेदारानं मागच्या महिन्याचा पीएफ १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तर दर महिन्याच्या वीस-बावीस तारखेला उमंग ॲपवर पासबुक उघडायची सवय लाव, रील बघतो तिथं दोन मिनिटं. स्लिपवर कापलेत आणि पासबुकात नाहीत असं सलग दोन महिने दिसलं तर स्लिपचा फोटो जोडून पीएफच्या ग्रीव्हन्स पोर्टलवर टाक. आणि ठेकेदारानं पगार नाहीच दिला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, म्हणून तुझा गेटपास, पंचिंगचा फोटो, शिफ्टचं शेड्युल जे काय मिळेल ते जपून ठेव, नाहीतर कंपनी म्हणेल हा पोरगा आम्ही पाहिलाच नाही. मग कामगार उपायुक्तांच्या ऑफिसला अर्ज द्यायचा, एकट्यानं नको, चार-पाच जणांनी मिळून, आणि युनियनवाल्या कोणाला तरी सोबत घेऊन. एकट्याची फाइल खाली जाते, अनुभव आहे.

ईएसआयसी, आणि प्रेस शॉपची गोष्ट

ग्रॉस २१,००० पर्यंत असेल आणि युनिटमध्ये दहा किंवा जास्त लोक असतील तर ईएसआयसी लागते. पोरांना वाटतं ते १२० रुपये फुकट जातात, सातपूरच्या हॉस्पिटलला लाइन असते, कोण जातंय. लाइन असते हे खरंय. पण आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांची नावं टाकता येतात, आणि मोठं ऑपरेशन निघालं तर त्या १२० रुपयांची किंमत कळते.

पण मला सांगायचंय ते वेगळं. माझा रूम पार्टनर एका छोट्या प्रेस शॉपला होता, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय रॅम (वरचा दाबणारा भाग) खाली येत नाही, कशाला, तर हात आत राहू नये म्हणून. तिथं एका बटणावर लाकडाची पाचर ठोकून ठेवलेली, म्हणजे एका हातानं पीस लावायचा, एका हातानं दाबायचं, तासाला पीस जास्त निघतात. थर्ड शिफ्ट, पहाटेची वेळ. डाव्या हाताची दोन बोटं गेली, पहिल्या पेरापासून. सुपरवायझरनं लगेच स्वतःच्या गाडीत घालून प्रायव्हेट हॉस्पिटलला नेलं, मालकानं सगळं बिल कॅशनं भरलं, महिनाभर पगारही दिला. आम्ही सगळे म्हणत होतो मालक देवमाणूस. वर्षभरानं कळलं की ॲक्सिडेंटचा रिपोर्टच दिलेला नव्हता. रिपोर्ट असता तर मेडिकल बोर्डानं अपंगत्व ठरवून ईएसआयसीनं त्याला आयुष्यभर दरमहा पैसे दिले असते. रिपोर्ट नाही म्हणजे कागदावर ॲक्सिडेंटच नाही, बोटं जणू जन्मतःच नव्हती.

तर कंपनीत लागलं की, कितीही घाई असली तरी, ॲक्सिडेंट रिपोर्ट ईएसआयसीला गेला का हे मित्रांनी विचारायचं, जखमीला सुचत नसतं. कामावर जाता-येता रस्त्यावर झाला तरी तो धरला जाऊ शकतो. अशा रजेत पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशोबानं पैसे मिळतात आणि त्याला आधी इतके दिवस हप्ते भरले पाहिजेत अशी अट नाही, पहिल्याच दिवशी लागलं तरी चालतं. आणि पाचर दिसली की त्या मशीनवर बसायचं नाही. काढून टाकतील? टाकू दे. दुसरीकडं चिकटशील, बोट चिकटत नाही.

ब्रेक, आणि ऑपरेटरचा सेटर कसा व्हायचा

सहा-सात महिन्यांनी ब्रेक का देतात? २४० दिवस सलग भरले की कामगाराला कायद्यानं काही हक्क मागता येतात, म्हणून त्या आकड्याच्या अलीकडंच नारळ देतात. मग महिनाभरानं परत बोलावतात, कधी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. काही पोरांना हे चालतं पण, आमच्या निफाड-दिंडोरीकडची पोरं गोडी छाटणीपासून डिपिंग, विरळणीपर्यंत द्राक्षबागेत राबतात आणि माल गेला की परत अंबडला. कंपनीवाले म्हणतात सीझनला हजेरी पडते, बागाईतदार म्हणतात कंपन्यांनी माणसं ओढली, आणि सुरगाणा-पेठच्या मजुरांच्या टोळ्या नसत्या तर दोघंही बसले असते. ते असो.

ब्रेकमधून सुटायचा मला माहीत असलेला एकच रस्ता म्हणजे असं काम शिकायचं की तू गेल्यावर मशीन बंद पडलं पाहिजे. सीएनसीला ऑपरेटर म्हणजे काय तर दार उघड, पीस लाव, बटण दाब, पीस काढ, हवा मार. हे दोन दिवसात शिकतात आणि म्हणूनच दोन दिवसात बदलतात. सेटर वेगळा. समज २५ चा डाया आहे, सकाळपासून बरोबर येतोय, दुपारनंतर २५.०३ यायला लागला. ऑपरेटर ओरडतो "सेटरला बोलवा" आणि बाकड्यावर बसतो. तू बसू नको, त्याच्या पाठीमागं उभा राहा. तो आधी इन्सर्ट (टूलचा कापणारा तुकडा) बघेल, कोपरा झिजला असेल, मग वेअर ऑफसेटच्या, म्हणजे झिजेची दुरुस्ती भरायच्या, पेजला जाऊन एक्सला मायनस ०.०३ टाकेल, पुढचा पीस काढून मोजेल. त्यानं प्लस टाकला असता तर काय झालं असतं हे त्याला विचार. तीस-चाळीस वेळा असं बघितलंस आणि वहीत लिहिलंस, कुठला टूल, किती पीसला झिजला, किती ऑफसेट दिला, की एक दिवस सेटर रजेवर असतो आणि फोरमन विचारतो, "जमेल का रे?" ती वही महत्त्वाची, पुढच्या इंटरव्ह्यूला मार्कशीटच्या आधी ती पुढं ठेव.

सेटरला चहा पाजावा लागतो, गोड बोलावं लागतं, काहीजण मुद्दाम स्क्रीनसमोर आडवे उभे राहतात, त्यांची पण नोकरी आहे ना. अशावेळी रविवारी अंबडच्या इंजिनिअरिंग क्लस्टरला किंवा दुसऱ्या कुठं शॉर्ट कोर्स चालू आहे का बघ, पण कोर्सवाल्याकडं स्वतःचं चालू मशीन आहे का नुसता प्रोजेक्टर, हे आधी बघ. धुळीची परीक्षा इथंही चालते.

मुलींसाठी दोन ओळी, खरं तर जास्त लिहायला पाहिजे. असेंब्ली लाइनवर आपल्याकडं बायका-मुली भरपूर आहेत, पण वर्षानुवर्षं लाइनवरच. नाईटला मुलीची संमती लागते आणि ने-आण, सेफ्टी कंपनीनं बघायची असते, "सगळ्या येतात" ही संमती नाही. टेस्टिंग, क्वालिटी, पॅनल वायरिंग इकडं सरकायचं बघा, आणि महाराष्ट्रात बायकांना महिना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, तरी स्लिपवर २०० कापलेले मी स्वतः पाहिलेत, तेवढे तरी परत मागा.

सोडताना

काम सोडताना पोरं एक दिवस यायचीच बंद होतात, फोन पण उचलत नाहीत. असं करू नको. राजीनामा मेल किंवा व्हॉट्सॲपवर टाक, तारखेसकट. शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, एक्स्पीरियन्स लेटर घे, लेटरवर "हेल्पर" न लिहिता मशीनचं नाव लिहून माग. पीएफमध्ये डेट ऑफ एक्झिट भरलीय का बघ, ठेकेदारानं नाही भरली तर दोन महिन्यांनी तुझी तुला पोर्टलवर भरता येते. आणि नवीन ठिकाणी लागला असशील तर मोबाइल घ्यायला म्हणून पीएफ काढून घेऊ नको, ट्रान्सफर टाक, त्यासोबत पेन्शनचे पैसेही काढले की पेन्शनची वर्षं परत एकपासून. माझ्या भाच्यानं काढला. मोबाइलची स्क्रीन तीन महिन्यांत फुटली.